घरचा हात, पाहुण्यांचा हात

डावरीला दोन हात होते. तसे सगळ्यांनाच असतात, पण तिच्या हातांची वाटणी झालेली होती. डावा घरचा, उजवा पाहुण्यांचा.

ही वाटणी तिच्या आईनं करून दिली. पोर रांगायला लागली तेव्हापासून जे दिसेल ते डाव्या हातानं ओढायची. आईनं चापट्या मारून पाहिल्या, हाताला फडकं बांधून पाहिलं, शेवटी कंटाळली आणि तोडगा काढला. घरात काय तो गोंधळ घाल म्हणाली, पण चार माणसांत उजवा हात काढायचा, पाहुणे आल्यावर चांगले कप काढतात तसा. पोरगी गुणाची. तिनं ते इतकं अंगात मुरवलं की दारावर थाप पडली की डाव्या हातातला चमचा आपोआप उजव्यात जायचा. शाळा म्हणजे परकी जागा, म्हणून अक्षर उजव्या हाताचं. केर काढणं, दगड मारणं, भावाच्या पाठीत धपाटा घालणं ही घरची कामं, ती डाव्याकडे. ‘डावरी’ हे नाव घरातल्यांनीच ठेवलं, कारण ते घरातल्यांनाच माहीत होतं.

पुढं ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कापडं कापायला लागली. मोठं लांब टेबल, त्यावर कापडाचे थर अंथरायचे, वर खडूनं आखायचं आणि कातरीनं कॉलर, खिसे, बाह्या काढायच्या. सुरुवातीला तिथंही उजवा हातच बाहेर पडला. कॉलरी अशा निघाल्या की उंदरानं कुरतडलेल्या बऱ्या. मुकादमीण तोंडाची तिखट, तिनं बाईला चार बायकांत नीट झोडपून काढलं. नवल म्हणजे त्या झोडपण्यानं डावरीला एकदम घरच्यासारखं मोकळं वाटलं. दुसऱ्या दिवशी कातर डाव्या हातात गेली आणि कॉलरी सुतासारख्या सरळ यायला लागल्या. म्हणजे हिशेब सोपा होता. ज्या जागी तिचा डावा हात बाहेर आला, ती जागा तिची झाली म्हणायची.

कारखान्याच्या भिंतीला लागून एक जुनं गोदाम होतं. त्यात नेमबाजीचं मंडळ भरायचं. छऱ्याच्या रायफली, दहा मीटरवर टांगलेले कागद आणि कागदावर अंगठ्याच्या नखाएवढा काळा ठिपका. त्या लोकांची जाड कॅनव्हासची जाकिटं उसवली की दुरुस्तीला कारखान्यात यायची. अशीच एकदा डावरी दुरुस्त जाकिटं पोचवायला गेली, तर तिथल्या मास्तरांनी सहज विचारलं, मारून बघता का एक? मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. हाडाचे शिकवणारे. समोर माणूस दिसला की त्याला काहीतरी शिकवल्याशिवाय त्यांना घास जात नसे.

आता परक्या जागी, परक्या माणसासमोर, परकी वस्तू घ्यायची म्हटल्यावर कुठला हात पुढं येणार? डावरीनं रायफल उजव्या खांद्याला लावली. मास्तरांनी पाय कसे ठेवायचे, श्वास कधी सोडायचा, चाप कसा दाबायचा ते सांगितलं. पहिलाच छरा काळ्यात बसला. मास्तर खूश, बाई त्याहून खूश. पुढच्या सुट्टीला ती पुन्हा गेली, आणि मग जातच राहिली.

सहा वर्षं गेली. सहा वर्षांत मंडळात कुणाला कळलं नाही की बाई डावखुरी आहे. कळणार कसं? वहीत सही उजव्या हाताची, चहाचा कप उजव्या हातात, आणि मंडळातल्या झाडून साऱ्या रायफली उजव्या हाताच्या. तिचा डावा डोळा मात्र मध्ये मध्ये फार लुडबुडायचा. उजव्यानं नेम धरला की डावा म्हणायचा, मलाही बघू दे. मास्तरांनी त्याच्यापुढं पुठ्ठ्याची पट्टी लावून दिली. काहींचा डोळा हट्टी असतो म्हणाले. एवढं म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळले. जन्मभर माणसांचे हातपाय कागदावर काढलेला माणूस, पण समोरचा हात बघायचा राहून गेला.

बाईची नेमबाजी चांगली होती, पण एका उंचीला येऊन बसली होती. चार छरे बरोबर मध्यभागी, की पाचवा कुठंतरी कडेला. का, ते तिला कळत नव्हतं, मास्तरांना कळत नव्हतं. तरी मंडळात बायकांमध्ये तिचा दुसरा नंबर ठरलेला. पहिली एक नर्स होती, बर्फासारखी थंड. तिसरी कॉलेजातली उंच मुलगी, जिचा नेम तिच्या मनासारखाच, आज इथं तर उद्या तिथं.

त्या वर्षी मोठ्या स्पर्धेला मंडळाचा संघ जायचा ठरला. दोघी खेळणार, तिसरी राखीव. निवड एका दिवसात, बाहेरच्या पंचांसमोर. अट अशी, की ज्याची त्यानं स्वतःची रायफल आणायची. मंडळाच्या रायफली घासून घासून खुळखुळ्या झालेल्या. डावरीला त्या संघात जायचं होतं. आयुष्यात तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. लग्न, नोकरी, घर हे सगळं समोर आलं तसं घेतलेलं. नवरा मालाची गाडी चालवायचा. तो म्हणाला, घे. सासूबाई म्हणाल्या, “घे बाई. एवढी वर्षं जिभेनं काही जमलं नाही तुला, आता बंदूक तरी घे.”

रायफलवाल्याचं दुकान डोळ्यांच्या दवाखान्याच्या रस्त्यावर होतं. सासूबाईंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, तपासणीची तारीख दुकानात जायच्याच दिवशी. त्यामुळं दुकानात वरात गेली ती अशी: पुढं मास्तर, मागं डावरी आणि तिच्या दंडाला धरून एका डोळ्यावर पट्टी लावलेल्या सासूबाई. दुकानदारानं आधी सासूबाईंकडेच पाहिलं. त्याला वाटलं, नेमबाज ह्याच.

दुकान लांबट, बोळासारखं. भिंतीवर रायफली, काचेखाली छऱ्यांचे डबे आणि पार मागं नेम मारून बघायची जागा. दुकानदार जाडजूड, सावकाश बोलणारा. मास्तरांनी आधीच एक रायफल हेरून ठेवली होती. उत्तम लाकूड, गाल टेकायची पट्टी वरखाली होणारी, चाप लोण्यासारखा. डावरीनं ती उजव्या खांद्याला लावली, खाली घेतली, परत लावली. छान आहे म्हणाली. मास्तर म्हणाले, मग हीच. झालं, एवढ्यात सौदा उरकायचा.

पण खांद्याला टेकायच्या दस्त्याला किमतीची चिठ्ठी जाड प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून बांधलेली होती, ती निघेना. दुकानदार खण उपसून ब्लेड शोधायला लागला. डावरीच्या पिशवीत दोरे तोडायची छोटी कातर कायम असायची. तिनं ती काढली, पट्टीखाली घातली आणि कट्‌कन तोडली.

दुकानदार खण तसाच उघडा ठेवून तिच्या हाताकडे बघत राहिला. म्हणाला, “बाई, तुम्ही डावखुऱ्या?”

डावरीनं चोरी पकडल्यासारखी कातर पिशवीत टाकली. म्हणाली, कातरीपुरती.

“कातरीपुरती कसली,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “केर डाव्या हातानं, घासणं डाव्या हातानं, डास मारणं डाव्या हातानं. माझ्या लेकाला एकदा लाटणं फेकून मारलं, तेही डाव्याच हातानं. आणि चुकलं नाही.”

मास्तर खालीच बसले. सहा वर्षं, सहा वर्षं, एवढंच पुटपुटत राहिले. मग विचारलं, “ताई, अहो बोलला का नाहीत?”

“तुम्ही दिली, मी घेतली,” डावरी म्हणाली. “दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कोणी डावा हात पुढं करतं का?”

दुकानदारानं तिला दोन्ही हात पुढं धरून बोटांमध्ये छोटं भोक करायला सांगितलं. त्यातून दोन्ही डोळ्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघायचं, आणि मग एकेक डोळा मिटायचा. डावा मिटला तसं घड्याळ गायब. उजवा मिटला तर घड्याळ जागच्या जागी. तो म्हणाला, डोळाही डावाच. सहा वर्षं पट्टीमागं डांबलेला होता तो घरचा मालक, आणि नेम धरत होता तो भाडेकरू.

मग तो आत गेला आणि धूळ झटकत एक रायफल घेऊन आला. डाव्या हाताची. कुणीतरी मागवून ठेवली आणि न्यायला आलंच नाही. दिसायला काही खास नाही, लाकूड फिक्कट, वार्निश ओघळलेलं. पण गालाची पट्टी उलट्या बाजूला, मूठ उलट्या बाजूला, छरा भरायची खिट्टीही उलट्या बाजूला. आरशातून बाहेर काढल्यासारखी. डावरीनं ती घेतली तेव्हा तिला दोन्ही हात कुठं ठेवावेत तेच कळेना. मागच्या जागेत उभी राहिली तर नळी वाऱ्यात दोरीवरच्या कपड्यासारखी डुलत होती. छरे कागदभर विखुरले, एक तर कागदालाच लागला नाही. पण दोनदा, अगदी दोनदाच, असं झालं की रायफलीच्या मागच्या भोकातून नळीच्या टोकाची कडी आणि कडीतला काळा ठिपका एकमेकांत आपोआप जाऊन बसले. डोळ्यावर पट्टी नव्हती, डोळा भांडत नव्हता. तिला वाटलं, काच पुसून कुणीतरी खिडकी उघडली.

आता घोडं इथं अडलं. मास्तर खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, उजव्या हाताची घेतली तर संघातली जागा खिशात आहे. डाव्या हाताची घेतली तर सगळं पहिल्यापासून: पाय, खांदा, कंबर, बोट. निवडीपर्यंत जमेल असं त्यांना वाटत नव्हतं. आणि रायफल काही चप्पल नव्हे, की यंदा ही आणि पुढल्या वर्षी ती. घ्यायची ती एकदाच.

डावरीनं दोन्ही रायफली काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या. तिला कारखान्यातली एक गोष्ट आठवत होती. उजव्या हाताची कातर डाव्या हातानं चालवून चालवून तिच्या अंगठ्याला गाठ आली होती. एकदा मालकानं कौतुकानं खास डाव्या हाताची कातर आणून दिली, आणि पहिल्या दिवशी तिनं थप्पीची थप्पी खराब केली. सहा महिने ती कातर तिनं खिळ्याला टांगून ठेवली. दुधानं तोंड पोळलं होतं. मग कधीतरी जुनी कातर धार लावायला गेली म्हणून नाइलाजानं टांगलेली काढली, दोनतीन आठवडे शिव्या घातल्या, आणि नंतर अंगठ्याची गाठ कधी विरघळली ते कळलंच नाही.

तिनं फिक्कट रायफल उचलली. दुकानदाराला म्हणाली, ही बांधा.

“अगं, ती दुसरी दिसायला बरी आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुम्हाला एकाच डोळ्यानं दिसतंय.”

“तुला दोन असून सहा वर्षं दिसलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

पुढचे दिवस पाहवत नव्हते. मंडळात बाई डाव्या बाजूनं उभी राहिली तर सगळ्यांना वाटलं, थट्टा चाललीय. जी बाई दुसऱ्या नंबरावर होती ती आता नवशिक्यांच्याही खाली. कॉलेजातली मुलगी आधी हळहळली, मग तिच्या लक्षात आलं की दुसरी जागा मोकळी होतेय, आणि ती झपाट्यानं सुधारली. मास्तर मात्र कंबर कसून मागं लागले. त्यांना स्वतःला डाव्या बाजूनं उभं राहता येईना, म्हणून त्यांनी चित्रं काढली. उजव्या बाजूची चित्रं कागदाच्या मागून उजेडात धरायची, म्हणजे डाव्या बाजूची दिसायची. भिंतभर तसे कागद लावले.

जाकिटाचं वेगळंच निघालं. नेमबाजाचं जाकीट म्हणजे जवळजवळ चिलखत. दस्ता टेकायचा रबरी तुकडा उजव्या खांद्यावर, पुढची घडी उजव्या माणसासाठी, सगळा आधार त्याच बाजूला. मास्तर म्हणाले नवं मागवू. डावरीनं ते घरी नेलं, जमिनीवर पसरलं आणि उसवायला बसली. हे तिचं राज्य होतं. शिवण न् शिवण सोडवली, तुकड्यांचे कागदी नमुने काढले, ते पालथे घातले आणि सगळं उलट्या अंगानं पुन्हा शिवलं. कॅनव्हासातून सुई काढायला पक्कड लागली. नवऱ्यानं सुई ओढायचं काम केलं आणि बोटाला दोनदा टोचून घेतलं. जाकीट अंगात घातलं तेव्हा ते असं बसलं की पाठीमागून कुणीतरी भक्कम धरलंय. त्या दिवसापासून नळी डुलायची थांबायला लागली. लगेच नाही, कुरकुरत, रोज थोडी. मग एका सुट्टीला मास्तरांनी कागद खाली काढला आणि तिच्या हातात दिला. मधला ठिपका असा उडालेला होता की छऱ्यांनी एकमेकांच्याच घरात मुक्काम केला होता. पण असा कागद आठवड्यातून एखादा. बाकीचे बेताचेच.

निवडीच्या दिवशी गोदाम झाडून पुसून चकचकीत केलेलं. भिंतीवरचे मास्तरांचे कागद पंचांनी काढायला लावले होते. मंडळाच्या जुन्या खुर्च्या जाऊन नव्या आल्या होत्या, टेबलावर पांढरी चादर, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले तीन पंच. सगळं परकं. सहा वर्षांची जागा एका दिवसात पाहुण्यांची होऊन बसली.

पहिल्या दहा छऱ्यांना डावरी उभी राहिली, रायफल उचलली, आणि दस्ता उजव्या खांद्याकडे निघाला. तिनं तो मध्येच थांबवला. खाली ठेवली, परत उचलली, तर परत तेच. डाव्या खांद्याला लावली तर चापावरचं बोट लाकडासारखं. घरचा हात पाहुण्यांसमोर यायला तयार नव्हता, दाराआड उभा राहिला होता. पहिली फेरी तिनं कशीतरी संपवली. कागद बघायची गरज नव्हती. मास्तर दुसरीकडेच बघत होते.

तेवढ्यात मागं आवाज चढला. प्रेक्षकांच्या खुर्च्यांत सासूबाई बसल्या होत्या, आता दोन्ही डोळे उघडे. मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास. एक पंच त्यांना सांगत होता की पिशव्या बाहेर ठेवायच्या, असा नियम आहे. सासूबाई विचारत होत्या की चहा बंदुकीला काय करतो. पंच म्हणाला, आजी, हळू बोला. त्या म्हणाल्या, मी हळूच बोलतेय, मोठ्यानं बोलले तर तुमचे कागद पडतील. मग त्यांनी नव्या खुर्चीचे दोष काढले, पंख्याचे दोष काढले, आणि शेवटी पंचाला विचारलं, तुमची आई कुठं असते, तिला तुम्ही असंच बाहेर बसवता का. पंचाचे कान लाल झाले. तो पिशवी तिथंच सोडून जागेवर जाऊन बसला, आणि जरा वेळानं त्याच्या हातात थर्मासच्या झाकणातला चहा दिसला.

डावरीला आधी लाज वाटली. मग हसू यायला लागलं, पोटातून, जाकिटाला आतून धक्के बसतील असं. जिथं सासूबाईंचं एक कडाक्याचं भांडण होऊन गेलं, ती जागा पाहुण्यांची कसली राहते? तिनं हसू संपू दिलं. श्वास सोडला. रायफल उचलली तेव्हा तिला वाटेत कुठं वळावं लागलं नाही, सरळ डाव्या खांद्यात जाऊन बसली. कडी आली, कडीत ठिपका आला. दुसऱ्या फेरीपासून शेवटपर्यंत ती कुणाकडे बघायलाही वळली नाही.

निकाल लागला. नर्स पहिली, कॉलेजातली मुलगी दुसरी, डावरी तिसरी. राखीव. मुलगी केसभर पुढं होती. मास्तरांनी डावरीचे सगळे कागद ओळीनं लावले, पहिला वेगळा काढून पालथा घातला आणि उरलेले नर्सच्या कागदांशेजारी ठेवले. नर्स वाकून बघायला आली. बघितलं, डावरीकडे बघितलं, आणि तिचे कागद हळूच पुन्हा बघितले.

“पहिली फेरी,” मास्तर म्हणाले.

“हो, पहिली फेरी,” डावरी म्हणाली. तिच्या आवाजात रडगाणं नव्हतं. कॉलर का बिघडली ते कळल्यावर माणूस बोलतो तसं ती बोलत होती.

मास्तर समजावत होते, की राखीव म्हणजे काही कमी नाही. सरावाला सगळ्यांबरोबर उभं राहायला मिळतं. नर्सला दवाखान्यातून सुट्टी मिळेल की नाही हे अजून तिचं तिलाच माहीत नाही. तयारी मात्र खेळणाऱ्याचीच करून यायची.

डावरी जाकिटाचे पट्टे सोडत ऐकत होती. तिनं विचारलं, स्पर्धेची जागा कशी आहे, मोठी आहे का. मास्तर म्हणाले मोठी, या गोदामाच्या दसपट, अनोळखी माणसांनी भरलेली.

“मग आपण एक दिवस आधी जाऊ,” ती म्हणाली. “आणि आईंना घेऊन जाऊ.”

“त्यांना कशाला एवढा त्रास?”

“भांडायला,” डावरी म्हणाली, आणि डाव्या हातानं पिशवी खांद्याला लावली.